सत्य आणि सोबत: कॅन्सरच्या रुग्णाला डॉक्टर कसा आधार देतात



कॅन्सर हा शब्द आपल्या घरांत अजूनही मोठ्याने उच्चारला जात नाही. 'मोठा आजार', 'ते दुखणं', 'गाठीचं आहे' असे आडवळणाचे शब्द आपण वापरतो. शब्द तोंडाबाहेर काढला नाही तर आजारही उंबऱ्याबाहेर राहील, अशी जणू आपली समजूत असते. पण आजार उंबऱ्याशी थांबत नाही. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात कॅन्सरचे १४ लाखांहून अधिक नवे रुग्ण होते. आज ना उद्या हा शब्द आपल्या नात्यागोत्यात, शेजारीपाजारी किंवा आपल्याच घरात ऐकू येणार आहे.

त्या वेळी रुग्णासमोर टेबलाच्या पलीकडे एक माणूस बसलेला असतो, तो म्हणजे कॅन्सरतज्ज्ञ डॉक्टर. ते औषध देतात, शस्त्रक्रिया करतात, हे आपल्याला ठाऊक आहे. ते रुग्णाला आधार कसा देतात, याचा मात्र आपण फारसा विचार करीत नाही. आधार म्हणजे उपचारांच्या जोडीला चार गोड शब्द, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात चांगल्या डॉक्टरांचा आधार दोन गोष्टींवर उभा असतो: रुग्णाला सत्य सांगणे आणि शेवटपर्यंत त्याची साथ न सोडणे. या दोन गोष्टी ते वेगळ्या होऊ देत नाहीत. आपण घरची माणसे मात्र प्रेमापोटी त्यांची फारकत करतो. साथ देतो, पण सत्य झाकून ठेवतो. यातून काय होते, हे आजच्या पाठात पाहू.

१. मिरजेपासून परळपर्यंत

आपल्या सांगली जिल्ह्यात आजार गंभीर झाला की एकच वाक्य ऐकू येते: "मिरजेला न्या." यामागे शंभराहून अधिक वर्षांची परंपरा आहे. विल्यम वानलेस हे प्रेस्बिटेरियन मिशनरी डॉक्टर १८८९ साली भारतात आले आणि १८९४ साली त्यांनी मिरजेत रुग्णालय उभे केले. पुढे त्याभोवती इतके दवाखाने वाढले की मिरज हे डॉक्टरांचे गाव झाले. सातारा, सोलापूर, कोल्हापूर आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही रुग्ण तेथे येऊ लागले. आज मिरजेत सिद्धिविनायक गणपती कॅन्सर हॉस्पिटलसारखे केवळ कॅन्सरसाठीचे रुग्णालयही आहे.

तरीही अनेक घरांतून दुसरी वाट धरली जाते, ती 'टाटा'ची. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघायचे, पहाटे दादरला उतरायचे आणि फाइल छातीशी धरून परळला जायचे. टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने वारल्या आणि त्या दुःखातून या रुग्णालयाचा विचार पुढे आला.

या रुग्णालयाच्या पत्त्यातच एका डॉक्टरांचे नाव आहे: डॉ. ई. बोर्जेस मार्ग. डॉ. अर्नेस्ट बोर्जेस हे मूळच्या गोव्याच्या कुटुंबातील कॅन्सर शल्यविशारद. त्यांनी आपले आयुष्य टाटा रुग्णालयाला वाहिले. १९६९ साली ते वारले. त्यांच्या नावाने केवळ रस्ता झाला असे नाही. बाहेरगावाहून उपचारासाठी येणाऱ्या कॅन्सर रुग्णांसाठी वांद्र्याला एक निवासही उभा राहिला. शल्यविशारदाचे स्मारक म्हणून रुग्णांना राहायला घर असावे, याला मोठा अर्थ आहे. गाठ काढणे एवढ्यावर डॉक्टरांचे काम संपत नाही. रुग्ण रात्री कोठे झोपणार, हाही उपचाराचाच प्रश्न आहे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेनेही आपल्याकडच्या कितीतरी रुग्णांना असाच आसरा दिला आहे.

२. वाईट बातमी सांगण्याची रीत

तुकड्याची तपासणी झाली, रिपोर्ट आला. आता तो सांगायचा कसा? हा केवळ स्वभावाचा प्रश्न नाही, ती शिकण्याची विद्या आहे. टोरांटोचे कॅन्सरतज्ज्ञ रॉबर्ट बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली तिच्या सहा पायऱ्या मांडल्या. आज जगभर डॉक्टरांना त्या शिकवल्या जातात.

पहिली पायरी जागेची. रांगेत, दारात, उभ्याउभ्या ही बातमी सांगायची नाही. दार लावायचे, बसायचे, फोन बाजूला ठेवायचा, रुग्णाला जे माणूस जवळ हवे असेल त्याला बसू द्यायचे. दुसरी पायरी विचारण्याची: "तुम्हाला आतापर्यंत काय सांगितलं आहे? तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" रुग्ण कोठे उभा आहे हे कळल्याशिवाय त्याला पुढे कसे नेणार? तिसरी पायरी परवानगीची. काहींना सारे तपशील हवे असतात. काही म्हणतात, "मुलाशी बोला, मला फक्त पुढं काय करायचं ते सांगा." दोघांचाही मान राखायचा.

चौथ्या पायरीवर बातमी येते, तीही एकदम नव्हे. "रिपोर्ट आपल्याला हवा होता तसा आलेला नाही," असा इशारा आधी द्यायचा. मग साध्या शब्दांत, थोडे थोडे सांगायचे आणि मधूनमधून कळले का ते पाहायचे. पाचवी पायरी भावनेची. रुग्ण रडेल, रागावेल किंवा भिंतीकडे बघत बसेल. अशा वेळी डॉक्टरांनी घाईने उपदेश करायचा नसतो. गप्प बसणे हेही तेथे काम असते. सहावी पायरी पुढच्या वाटेची: कोणती तपासणी, कोणता उपचार, पुढची भेट कोणत्या तारखेला.

मिरजेत सतार-तंबोरे बनवणाऱ्यांच्या दुकानात जवारी काढताना कोणी पाहिले असेल. कारागीर तारांखालची घोडी जरा घासतो, तार छेडतो, कान देतो, पुन्हा जरा घासतो. जास्त घासले तर घोडी वाया जाते. घासलेच नाही तर तार बोलत नाही. सत्य सांगणाऱ्या डॉक्टरांचे काम असेच असते. थोडे सांगायचे, ऐकायचे, पुन्हा थोडे सांगायचे.

या सहा पायऱ्यांत शेवटची विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पायाखालची वाळू सरकलेल्या माणसाला एक तारीख मिळते: "येत्या सोमवारी या, आपण सुरुवात करू." त्या 'आपण'मध्ये अर्धा आधार आहे. आजार रुग्णाला झाला आहे, पण झुंज त्याची एकट्याची नाही, असे डॉक्टर त्या एका शब्दाने सांगतात.

३. "त्यांना काही सांगू नका"

आपल्याकडे मात्र या पायऱ्यांच्या आधीच एक अडथळा उभा राहतो. रुग्णाला बाहेर बसवून घरचे लोक डॉक्टरांना गाठतात. "डॉक्टर, त्यांना कॅन्सर म्हणून सांगू नका. हातपाय गाळतील. अल्सर आहे म्हणा." हे कोणी दुष्टपणाने करीत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, या भावनेने करतात.

पण पुढे काय होते? रुग्ण कॅन्सरच्या रुग्णालयात जातो. शेजारच्या खाटेवरचा माणूस त्याला विचारतो, "तुम्हाला कशाचा?" केस गळतात. भेटायला येणाऱ्यांचे डोळे बदललेले दिसतात. त्याला सारे कळते. फक्त ते बोलायला कोणी उरत नाही. मग तोही घरच्यांना त्रास नको म्हणून काही माहीत नसल्याचे सोंग आणतो. एका छपराखाली सगळे एकमेकांना जपतात आणि प्रत्येकजण एकटा पडतो. जमिनीची वाटणी, मुलीचे लग्न, भावाशी तुटलेले बोलणे, कोणाची मागायची राहून गेलेली क्षमा, ही सारी कामे तशीच राहतात. आपण रुग्णाला दुःखापासून वाचवीत नाही. दुःखाशी सामना करण्याची त्याची संधी काढून घेतो.

अनुभवी डॉक्टर अशा वेळी घरच्यांना झिडकारत नाहीत. ते आधी विचारतात, "तुम्हाला कशाची भीती वाटते?" मग सांगतात, "मी आपणहून त्यांच्यावर काही लादणार नाही. पण त्यांनी मला सरळ विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही."

या उत्तरामागे एक जुना विवेक आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी खोटे बोलणे आणि शहाणपणाने एखादे सत्य काही काळ राखून ठेवणे यांत फरक केला आहे. पहिले त्यांना कोणत्याही कारणासाठी मान्य नाही. दुसरे मान्य आहे. डॉक्टर याच रेषेवर चालतात. ऐकायला तयार नसलेल्या माणसावर ते सत्य ओतत नाहीत, पण विचारणाऱ्याला फसवतही नाहीत. रुग्णाचा भरवसा एकदा उडाला तर उद्या "हे औषध तुम्हाला उपयोगी पडेल" हे डॉक्टरांचे खरे वाक्यही त्याला खोटे वाटेल.

सत्य टाळण्याची आणखी एक किंमत असते. कित्येकदा आपण सत्य स्वतःपासूनच लपवतो. तोंडात तीन आठवडे न भरणारा व्रण असतो, पांढरा किंवा लाल चट्टा असतो. पण तंबाखू आणि मशेरी चालूच असते. छातीत गाठ लागते, अंगावरून अवेळी जाते. पण बाई कोणाला सांगत नाही. 'सुई लावली की कॅन्सर पसरतो' असे कोणीतरी सांगितलेले असते. ही भीती निराधार आहे. तुकड्याच्या तपासणीशिवाय बहुतेकदा उपचार ठरवताच येत नाही.

लवकर कळल्याने काय साधते, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, टाटा रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून खेड्यापाड्यांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गावांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण होणाऱ्या विषाणूची एकदाच तपासणी झाली आणि दोष आढळलेल्यांवर उपचार झाले, तेथे त्या कॅन्सरने होणारे मृत्यू इतर गावांच्या तुलनेत सुमारे निम्म्यावर आले. वेळेवर कळलेले सत्य असा जीव वाचवते.

४. उपचारांचे लांबचे दिवस

निदानाचा धक्का एका दिवसाचा असतो. उपचार महिनोनमहिने चालतात. खरा कस येथे लागतो. सुरुवातीला भेटायला येणारी माणसे पांगतात, पैसे संपत येतात आणि रुग्ण थकतो. या काळात डॉक्टरांचा आधार छोट्या, नेमक्या सूचनांतून मिळतो.

किमोथेरपीबद्दल ते आधीच सांगून ठेवतात: उलटीचे औषध आपण देऊ, केस गेले तर बहुधा परत येतील, डोस पुष्कळदा तीन आठवड्यांच्या अंतराने असतील. एक गोष्ट तर ते पुन्हा पुन्हा बजावतात. किमो चालू असताना १००.४ अंश किंवा त्याहून जास्त ताप आला तर घरात क्रोसिन घेऊन सकाळची वाट बघायची नाही, मध्यरात्र असली तरी रुग्णालयात यायचे. औषधाने पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात आणि साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. ही एक सूचना घरातल्या प्रत्येकाला पाठ असली पाहिजे.

रेडिएशनला आपल्याकडे कोणी 'शेक' म्हणतात, कोणी 'लाइट'. ते बहुधा आठवड्यातून पाच दिवस, काही आठवडे चालते. यंत्राखाली झोपण्याची वेळ काही मिनिटांचीच असते. बाहेरून यंत्राने दिलेला हा शेक घेतलेल्या माणसाच्या अंगातून किरण बाहेर पडत नाहीत. आजोबांनी नातवाला मांडीवर घेतले तर नातवाला काही होत नाही. कॅन्सर हा स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा जवळ झोपल्याने होणारा आजार नाही. तरीही काही घरांत रुग्णाचे ताट-वाटी वेगळी ठेवतात. त्या वेगळ्या ताटाने रुग्णाला जे दुखते, त्यावर डॉक्टरांकडे औषध नाही.

शस्त्रक्रियेने माणसाचे रूप बदलते. तोंडाच्या कॅन्सरमध्ये कधी जबड्याचा भाग काढावा लागतो, काही दिवस नाकातल्या नळीने अन्न द्यावे लागते, बोलणे अस्पष्ट होते. स्त्रीला स्तन गमवावा लागला तर ती आरशासमोर उभी राहायला कचरते. चांगले डॉक्टर हे शस्त्रक्रियेआधीच समजावून सांगतात, बोलण्याचे आणि हाताचे व्यायाम शिकवणाऱ्यांकडे पाठवतात आणि पतीलाही जवळ बसवून बोलतात. त्याच शस्त्रक्रियेतून गेलेल्या जुन्या रुग्णाची भेट घालून देतात. "मलाही असंच वाटलं होतं," हे वाक्य त्या माणसाच्या तोंडी जितके खरे वाटते, तितके दुसऱ्या कोणाच्याही तोंडी वाटत नाही.

मग पैशाचा प्रश्न. लाजेपोटी कित्येकजण डॉक्टरांना काहीच सांगत नाहीत आणि दोन डोस झाल्यावर येणेच बंद करतात. अर्धवट सोडलेला उपचार हा मोठा घात आहे. म्हणून जाणते डॉक्टर पहिल्याच भेटीत विचारतात, "खर्चाचं कसं काय?" महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतात, ते कागदपत्रांसाठी मदत करतात. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कॅन्सर रुग्णाला आणि त्याच्या सोबत्याला रेल्वेभाड्यात सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातील दाखला घ्यावा लागतो. हे विचारण्यात कमीपणा नाही.

आणि एक. देवरुषी, झाडपाला, कोणाचे तरी 'रामबाण' चूर्ण, हे सारे घरात येतेच. डॉक्टर ओरडतील म्हणून आपण ते लपवतो. काही वनस्पती किमोच्या औषधांच्या आड येतात, यकृतावर ताण आणतात. जे चालू असेल ते डॉक्टरांना सांगा. डॉक्टरांनी आपल्याला सत्य सांगावे असे वाटत असेल, तर आपणही त्यांना सत्य सांगितले पाहिजे.

५. वेदना सोसणे हे व्रत नव्हे

आपल्या श्रद्धाळू घरांत एक गैरसमज आढळतो: दुखणे निमूटपणे सोसले म्हणजे पुण्य लागते, औषध मागितले म्हणजे विश्वास कमी पडला. ही ख्रिस्तसभेची शिकवण नाही. वेदना कमी करण्यासाठी औषध घेणे पूर्णपणे योग्य आहे. असह्य कळांनी तळमळणारा माणूस ना प्रार्थना करू शकतो, ना मुलांशी दोन शब्द बोलू शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कॅन्सरच्या वेदनांसाठी तीन पायऱ्यांची शिडी मांडली. पहिल्या पायरीवर पॅरासिटामॉलसारखी साधी औषधे, दुसऱ्यावर थोडी जोरकस आणि तिसऱ्यावर मॉर्फिन. मॉर्फिनचे नाव काढले की घरचे घाबरतात: "म्हणजे आता शेवट आला का? सवय लागेल का?" डॉक्टरांच्या देखरेखीखाली, योग्य मात्रेत, घड्याळाच्या वेळेवर तोंडाने घेतलेले मॉर्फिन माणसाला सहसा व्यसनी करीत नाही आणि त्याचे मरणही ओढवून आणत नाही. त्याने बद्धकोष्ठ होतो, म्हणून सोबत पोट साफ होण्याचे औषध देतात. आपल्या देशात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे रुग्णालयांनाही मॉर्फिन ठेवणे फार जिकिरीचे झाले होते. २०१४ साली त्या कायद्यात दुरुस्ती होऊन वाट थोडी मोकळी झाली. म्हणून दुखत असेल तर स्पष्ट सांगावे: कोठे, किती, कधी. न सांगितलेल्या दुखण्यावर डॉक्टर उपाय करू शकत नाहीत.

६. "आता आमच्या हातात काही नाही" असे न म्हणणारे डॉक्टर

कधीकधी अशी वेळ येते की आजार बरा करणारा उपचार उरत नाही. तेव्हा पुष्कळ रुग्णांना ऐकावे लागते, "घरी न्या, सेवा करा." घरचे लोक फाइल घेऊन बाहेर पडतात आणि त्यांना वाटते, आपल्याला टाकून दिले.

मुंबईच्या टाटा रुग्णालयातील एका कॅन्सर शल्यविशारदांनी या क्षणाचे उत्तर शोधले. डॉ. लुईस जोस डिसोझा यांच्या पुढाकाराने १९८६ साली वांद्र्याला, माउंट मेरीच्या टेकडीवर 'शांती अवेदना सदन' सुरू झाले. बरे होण्याच्या पलीकडे गेलेल्या कॅन्सर रुग्णांसाठीचे हे भारतातील पहिले शुश्रूषागृह. होली क्रॉस संस्थेच्या धर्मभगिनी तेथे सेवा करतात. जातधर्म न पाहता, मोबदला न घेता रुग्णांना ठेवून घेतले जाते. पुढे गोव्यात आणि दिल्लीतही या कार्याची केंद्रे झाली. ज्या हातांनी शस्त्रक्रिया केल्या, त्याच हातांनी शस्त्रक्रिया संपल्यावरही रुग्णाला धरून ठेवले, हे या संस्थेचे मर्म आहे. बरे करता येत नाही म्हणजे काहीच करता येत नाही, असे नव्हे. वेदना, धाप, जखमेची दुर्गंधी, झोप, भीती, या प्रत्येकावर काही ना काही करता येते.

या सेवेला 'पॅलिएटिव्ह केअर' म्हणतात. आपण तिला परिहार सेवा म्हणू. मूळ लॅटिन शब्द 'पॅलियम', म्हणजे अंगावरचे पांघरूण. थंडीत कुडकुडणाऱ्यावर पांघरूण घालण्यासाठी आपण शेवटच्या रात्रीची वाट बघत नाही. ही सेवाही लवकर सुरू करायची असते. अमेरिकेत बॉस्टन येथे फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. ज्यांना कॅन्सरच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासून ही सेवा मिळाली, त्यांचे दिवस अधिक बरे गेले, मन कमी खचले आणि ते जगलेही अधिक: सरासरीने ११.६ महिने, तर इतर ८.९ महिने.

येथे मला आपल्या धर्मग्रामातील एक सवय आठवते. आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगासाठी फादरांना बोलवायला आपण अगदी शेवटच्या घटकेपर्यंत थांबतो, कारण फादर आले म्हणजे सारे संपले, असे रुग्णाला वाटेल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आणि १९७२ सालच्या सुधारित विधीने स्पष्ट केले आहे की हा संस्कार केवळ मरणाऱ्यांसाठी नाही, गंभीर आजारी असणाऱ्यांसाठी आहे. मोठ्या शस्त्रक्रियेआधीही तो घेता येतो. परिहार सेवेचे डॉक्टर काय आणि धर्मगुरू काय, आपण उशिरा बोलावतो म्हणूनच त्यांचे येणे मरणाची खूण वाटू लागते. लवकर बोलावले तर तेच येणे बळ देणारे ठरेल.

७. जे डॉक्टरांवर सोपवता येत नाही

रुग्णाचा एक प्रश्न मात्र डॉक्टरांच्या टेबलावर सुटत नाही: "मलाच का?" तंबाखूने पेशी कशा बिघडतात हे डॉक्टर सांगू शकतात. पण आयुष्यभर सुपारीचे खांडही न खाल्लेल्या बाईला कॅन्सर का व्हावा? लोक तिला पाप, करणी, घराण्याचा दोष असली कारणे सांगतात आणि दुखण्यावर डाग देतात. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी प्रभू येशूला हेच विचारले होते, पाप कोणाचे? प्रभूने तो हिशोबच नाकारला. आजारी माणसाला आरोपी करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

फ्रेंच तत्त्ववेत्ते गाब्रिएल मार्सेल यांनी समस्या आणि गूढ यांत एक उपयुक्त फरक केला आहे. समस्या माझ्यासमोर असते, तिच्याकडे मी बाहेरून बघतो आणि ती सोडवतो. गूढात मी स्वतः गुंतलेला असतो. ते सोडवायचे नसते, त्यात सोबत राहायचे असते. गाठ ही समस्या आहे, तिच्यासाठी डॉक्टर हवेत आणि उत्तम डॉक्टर हवेत. दुःख भोगणारा माणूस ही समस्या नव्हे. त्याच्याजवळ बसायला पदवी लागत नाही.

म्हणून डॉक्टरांकडून आपण सर्वांनी शिकण्याजोगे पुष्कळ आहे. रुग्णाला भेटायला गेल्यावर बसावे, उभ्याउभ्या निघू नये. "काही होत नाही, सगळं बरं होईल," असा खोटा धीर देऊ नये, कारण त्याने रुग्णाचे बोलणे तेथेच तुटते. "आज कसं वाटतंय?" असे विचारून ऐकत राहावे. दुसऱ्या कोणाचा कॅन्सर कसा बळावला, त्याच्या गोष्टी सांगू नयेत. मिरजेला किमोसाठी जाताना सोबत, नातेवाईक रुग्णालयात असताना घरच्या मुलांचा डबा, रात्री ताप आल्यास गाडी, अशी नेमकी मदत ठरवून द्यावी. "काही लागलं तर सांगा" असे म्हटल्यावर कोणी सांगत नाही. "मंगळवारी मी येतो" असे म्हटले की ती मदत होते.

आशा आणि खोटा धीर यांतला फरक हाच. खोटा धीर सत्याला घाबरतो, म्हणून तो पुढच्या रिपोर्टबरोबर कोसळतो. आशा सत्य ऐकून घेते. प्रथम ती बरे होण्याची असते. तसे झाले नाही तर ती वेदना थांबण्याची, मुलीचे लग्न पाहण्याची, भावाशी पुन्हा बोलण्याची, शांतपणे निरोप घेण्याची होते. रुग्णाची आशा अशी पायरी पायरीने बदलत असताना जो त्याला सोडून जात नाही, तो डॉक्टर असो, शेजारी असो वा मुलगा, त्यानेच त्याला खरा आधार दिला.

कुटुंबात आणि लहान ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी

१. आपल्या घरात कोणाला गंभीर आजार झाला तर त्याला सत्य कळावे, असे आपण आधीच एकमेकांशी बोलून ठेवले आहे का? मला स्वतःला काय आवडेल?

२. आपल्या विभागात कॅन्सरवर उपचार घेणारे कोण आहेत? या महिन्यात त्यांच्यासाठी कोणता वार, कोणते काम आपण ठरवून घेऊ शकतो?

३. न भरणारा व्रण, न दुखणारी गाठ किंवा अवेळी जाणारे रक्त यांबाबत गप्प बसलेले कोणी आपल्या ओळखीचे आहे का? त्यांना या आठवड्यात दवाखान्यात नेण्यासाठी कोण सोबत जाईल?